सहावा पोशाख

कपड्याचं माप माणूस ताठ उभा असताना घेतात. तो कपडा घालून माणूस वावरतो मात्र वाकत, बसत, हात वर करत. साध्या शिंप्याला हे विसरून चालतं, खेळाडूंचे कपडे शिवणाऱ्याला चालत नाही. म्हणून मी प्रत्येक माप तीनदा घ्यायचो : उभ्याने, वाकून, आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन. तिसऱ्या मापाला कुणी कंटाळला की म्हणायचो, "अरे, अजून कापड अंगावर आलं नाही तर दमलास? सामन्यात काय करशील?"

संपादकांनी सांगितलं, काका, धंद्यातल्या गमती लिहा. गमती आहेत, त्यातल्या एक-दोन सांगतोही. पण मी लिहायला बसलो तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. हा अंक ठाण्या-डोंबिवलीतल्या ज्या घरांत वाचला जातो, त्याच घरांत तीसेक वर्षांपूर्वी माझं एक खोटं खरं म्हणून पोचलं होतं. ते परत घ्यायचं तर त्याच घरांत जाऊन घ्यायला हवं.

मी मूळचा कटिंग मास्तर. वागळे इस्टेटमध्ये होजिअरीचा एक कारखाना होता, तिथे बारा वर्षं बनियन आणि चड्ड्या कापल्या. ऐंशीनंतर कारखाना बंद पडला तेव्हा तिथलं एक जुनं ओव्हरलॉक मशीन घेऊन मी डोंबिवलीत घराच्या पुढच्या खोलीत दुकान मांडलं. आजूबाजूला चांगले शिंपी भरपूर होते. त्यांना न येणारं एकच काम मला येत होतं, ते म्हणजे ताणणारं कापड कापणं. सुती कापड सरळ माणसासारखं असतं, ठेवाल तिथे राहतं. ताणणारं कापड कात्रीखाली सरकतं, गुंडाळतं, आणि शिवून झाल्यावर आपलं खरं रूप दाखवतं. त्यामुळे कबड्डीवाले, मल्लखांबवाले, पोहणारे, सगळे माझ्याकडे यायला लागले.

कबड्डीच्या चड्डीला मी तिहेरी शिवण घालायचो, कारण समोरचे सातजण ती ओढायलाच टपलेले असतात. कल्याणच्या एका संघाचा कर्णधार चड्डी न्यायला आला की दुकानातच दोघांना दोन्ही बाजूंनी ओढायला लावायचा. "फाटली तर मास्तर, तुमची. नाय फाटली तर माझी." कधी फाटली नाही.

आणि आमच्या गल्लीतला एक शरीरसौष्ठववाला होता. त्याला स्पर्धेची चड्डी इतकी तोकडी हवी असायची की मी त्याला म्हणायचो, "अरे, एवढ्या कापडात मी रुमालसुद्धा शिवत नाही." मागून त्याची आई यायची आणि हळूच सांगायची, "दोन बोटं वाढवा हो, त्याला सांगू नका." तो नवरात्रात भर चौकात, अंगाला तेल लावून, त्या चड्डीवर उभा राहायचा. समोर आया-बहिणी, म्हातारीकोतारी बसलेली. लोक टाळ्या वाजवायचे. त्याच्या चड्डीवर कधी सभा भरल्याचं मला आठवत नाही.

सभा भरली ती मुलींच्या कपड्यांवर.

ठाण्यातली एक जुनी व्यायामशाळा. नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा नाही. तिथे नव्वदच्या सुमारास मुलींचं तालबद्ध जिम्नॅस्टिक्स सुरू झालं. संगीतावर, रिंगा आणि चेंडू घेऊन सहा मुलींनी एकत्र करायचा प्रकार. शिकवायला मेधा नावाची चोविशीची मुलगी होती, बाहेर राहून रीतसर शिकून आलेली. मुली तिला मेधाताई म्हणायच्या, आणि जुनी मंडळी 'ती शिकवणारी मुलगी'. सचिव होते नाना. साठीचे, स्वतः मल्लखांबावर घडलेले, मनाने वाईट नाहीत, पण जगात आपल्यानंतर काही नवीन निघालं असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता.

मुली तोवर सैल टी-शर्ट आणि पायजमा घालून सराव करत. एकदा एक मुलगी हातांवर उभी असताना टी-शर्ट उलटा होऊन तिच्या तोंडावर आला. दिसेना म्हणून ती घाईने खाली आली आणि मनगट मोडलं. मेधाने मग मागणी केली की अंगाबरोबर बसणारा, एकसंध पोशाख हवा. परीक्षकांना शरीराची रेषा दिसावी लागते, शिवाय रिंग कपड्यात अडकत नाही. बाकीच्या ठिकाणच्या मुली तसाच पोशाख घालून उतरत होत्या, आणि सैल कपड्यातल्या आमच्या मुलींना गुण कमी मिळत होते.

एका रविवारी सकाळी व्यायामशाळेत पालक जमले. कापडाचा जाणकार म्हणून मलाही बोलावलेलं. सहा मुली भिंतीशी गुडघे जवळ घेऊन बसलेल्या. चर्चा त्यांच्याच अंगाची चाललेली, पण त्यांना कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

नाना म्हणाले, "शर्ट आत खोचा. प्रश्न मिटला."

"खोचून बघितलाय, नाना," मेधा म्हणाली. "तुम्ही एकदा खोचून हातांवर उभे राहून दाखवा."

लोक हसले. नाना हसले नाहीत. बँकेत असलेले एक पालक म्हणाले, "खेळाला विरोध नाही हो. पण वयात येणाऱ्या मुली आहेत. लोक काय बघायला येतात, सांगता येतं का?"

"मग लोकांना सांगा ना," मेधा म्हणाली. "मुलींना का सांगताय?"

"लोकांना सांगता येत नाही म्हणून मुलींना सांगायचं. जग असंच चालतं, मेधाताई."

दाराशी एक बाई उभी होती. मासळी विकून परस्पर आलेली, रिकामी टोपली पायाशी ठेवलेली. कोलशेतच्या कोळीवाड्यातली हिराबाई. तिची मुलगी जयश्री, म्हणजे जयू, त्या सहाजणींतली. तेरा वर्षांची, काटक, आणि मेधाच्या मते सगळ्यांत चांगली. नवरा खाडीकडच्या कारखान्यात होता आणि त्याचा या प्रकाराला साफ नकार होता.

"एक इचारू?" हिराबाई म्हणाली. "आमी खारीत चिखलात उतरतो तवा लुगरा इथवर खोचलेला असतो." तिने मांडीपाशी हात नेऊन दाखवला. "माझी आय तशीच उतरली, मी पन. आमची कोनी सभा नाय भरवली. चिखलात लुगरा खाली सोडला तर बाई मरंल. पोरीला पडायला नको, एवढा बघा ना तुमी."

मग ती माझ्याकडे वळली.

"मास्तर, कापर जागचा हलनार नाय ना? पोरीचा ध्यान खेलात पायजे, कापरात नको."

"नाही हलणार," मी म्हणालो. "मी शब्द देतो."

"मंग मी तिच्या बापाला सांगते, मास्तरांनी शब्द दिलाय."

शेवटी तडजोड झाली. हात कोपरापर्यंत, पाय गुडघ्याच्या चार बोटं वर, गळा बंद. नाना म्हणाले, "ही पहिली आणि शेवटची परीक्षा. काही वावगं झालं, तर परत पायजमे." म्हणजे मेधाची सगळी बाजू आता माझ्या कात्रीवर होती.

मुलींची मापं माझी बायको सुमन घ्यायची, आतल्या खोलीत. मी पडद्याबाहेर चिठ्ठीवर आकडे लिहायचो. जयू माप द्यायला आली तेव्हा आतून नुसतं खिदळणं.

"काकू, गुदगुल्या होतात!"

"अगं, सरळ उभी राहा. टेपही हसायला लागलीय."

बाहेर येऊन ती मला म्हणाली, "काका, निवटीसारखा शिवा हा."

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा छोटा मासा. "निवटीसारखा म्हणजे कसा गं?"

"ती चिखलात लोळते, उडी मारते, तरी तिच्या अंगावर काय राहत नाय. कोणी पकडली तरी सुटते. तसा."

आता धंद्याची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. हल्लीचं कापड उभं-आडवं दोन्हीकडे ताणतं. तेव्हा आम्हाला मिळायचं ते एकाच बाजूला ताणायचं. ती ताणणारी बाजू अंगाभोवती आडवी यावी लागते. माणूस वाकला की मांडी रुंदावते, श्वास घेतला की छाती. कापडाने तिथे वाट द्यायला हवी. चुकून ताण उभा ठेवला तर कापड मांडीभोवती देत नाही, आणि देत नाही म्हणून वर सरकतं. पहिल्या दिवशी कारखान्यात उस्तादांनी मला हेच शिकवलं होतं : आधी ताण बघ, मग कात्री उचल.

उल्हासनगरहून मोरपंखी रंगाचा तुकडा आणला. सहा पोशाखांना पुरेल असा माझा अंदाज होता. तो चुकला. हात कोपरापर्यंत आणि पाय लांब ठरल्यामुळे कापड जास्त लागलं, आणि मी हिशोब जुन्या नमुन्यावर केला होता. पाच पोशाख कापून झाले तेव्हा उरलेल्या तुकड्यात कागदाचा फर्मा उभा बसेना. आडवा बसत होता. अगदी नेमका, जणू त्याच्यासाठीच उरलेला.

स्पर्धा तीन दिवसांवर. त्या रंगाचं कापड संपल्याचं व्यापाऱ्याने सांगितलं. मला जोड देता आला असता, बगलेखाली दुसऱ्या रंगाची पट्टी घालता आली असती. त्याला अर्धा दिवस लागला असता, आणि मेधाला सांगावं लागलं असतं की मास्तरांचा अंदाज चुकला. बारा वर्षांचा कटिंग मास्तर! ते मला जड गेलं. मी फर्मा आडवा ठेवला आणि दुपारी जेवणाआधी कापून मोकळा झालो.

पण एवढंच सांगितलं तर ते पुन्हा अर्धंच होईल. मापांच्या सहा चिठ्ठ्या टेबलावर होत्या. सहावी कुणाची राहिली हे आपोआप ठरलं नाही. एक मुलगी बँकेतल्या गृहस्थांची, एक समितीतल्या सदस्याची नात, एक डॉक्टरांची. त्या घरांतून बोभाटा झाला असता. जयू कोलशेतहून दोन बस बदलून यायची, ट्रायलला येणं तिला जमणार नव्हतं. आणि तिच्या घरातून कुणी माझ्या दुकानात येऊन तोंड उघडेल असं मला वाटलं नाही. तक्रार करायची ज्यांना सवय नाही, त्यांच्या वाट्याला मी उरलेलं कापड टाकलं. हे मी त्या वेळी मनात शब्दांनी म्हटलं नाही. पण हाताने तीच चिठ्ठी शेवटी ठेवली.

ओव्हरलॉक करून झाल्यावर सुमनने पोशाख दोन्ही हातांत धरून ओढला. "अहो, हा देत नाहीये."

"अंगाच्या उबेने बसतो," मी म्हणालो.

"बाकीचे पाच उबेशिवाय बसतायत."

"तुला काय कळतंय?"

दुकान मांडल्यापासून माझ्याबरोबर मशीन चालवणाऱ्या बाईला मी हे म्हणालो.

स्पर्धा कल्याणला, एका शाळेच्या सभागृहात. मी सुमनबरोबर दुसऱ्या रांगेत होतो. आपलं काम अंगावर हलताना बघायला मला आवडायचं. सहाजणी बाहेर आल्या तेव्हा सभागृहातून 'वा!' ऐकू आलं. मोरपंखी रंग दिव्यांखाली उठून दिसत होता. दोन मिनिटं सगळं बरोबर चाललेलं. मग जयू पहिल्यांदा खोल वाकली आणि उठली, तेव्हा तिचा उजवा हात रिंगेकडे जायच्या आधी पायाकडे गेला. तिने कपडा खाली ओढला. पुन्हा वाकली, पुन्हा ओढला. मागच्या रांगेतून दोघा-तिघांनी शिटी मारली. मला दिसत होतं की तिचं लक्ष आता संगीतात नव्हतं. तिचं सगळं लक्ष माझ्या कापडात होतं.

शेवटी रिंग उंच फेकायची आणि कोलांटी घेऊन झेलायची. ती झेलायचं काम जयूचं, कारण तिच्या हातून ती कधी सुटत नसे. कोलांटीतून उठताना तिचा हात सवयीने कपड्याकडे गेला. रिंग बाजूला पडली आणि घरंगळत परीक्षकांच्या टेबलापर्यंत गेली. एका परीक्षकाने ती पायाने थांबवली.

जयू तशीच उभी. पाचजणींनी शेवटची मुद्रा घेतली होती. ही एकटी दोन्ही हातांनी कपडा धरून.

मी उठून मागच्या दाराने बाहेर आलो. आत तिच्याकडे जायला हवं होतं, सुमनच्या हातातली शाल नेऊन द्यायला हवी होती. शाल मेधाने दिली, असं नंतर कळलं.

पुढच्या आठवड्यात गावातल्या एका साप्ताहिकात पत्र आलं, 'खेळ की प्रदर्शन?' असं. नानांनी समिती बोलावली. मलाही बोलावलं. मेधा समोर बसलेली, डोळे सुजलेले.

नाना म्हणाले, "मास्तर, पाच कपडे जागचे हलले नाहीत. एकच कसा सरकला?"

मला सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. माझा अंदाज चुकला, मी आडवा कापला. मी टेबलावरच्या ग्लासाकडे बघत म्हणालो, "मी सहाही मापाप्रमाणेच दिलेले. घरी नेल्यावर कुणी घट्ट करून घेतला असेल, तर मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"मुली हल्ली करतात. उठून दिसावं म्हणून."

मी नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती. समितीतले एक गृहस्थ मान हलवत म्हणाले, "शेवटी वस्ती कुठली, त्यावर असतं." मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मेधा मात्र माझ्याकडे बघत होती. "मास्तर, तुमची खात्री आहे? जयू असं करणार नाही."

"शिवण माझी वाटत नाही," मी म्हणालो.

माझीच होती. माझी शिवण मी अंधारात हाताने ओळखतो.

आठवड्याभरात ते ठाण्यातल्या चार घरांत आणि डोंबिवलीतल्या दहा घरांत पोचलं. माझ्याच दुकानात येऊन एका बाईने मला सांगितलं, "ऐकलंत का, त्या कोळणीच्या मुलीने म्हणे मुद्दाम कपडा आवळून घेतला." मी तिच्या ब्लाउजचं माप लिहून घेत होतो. तेवढंच लिहून घेतलं.

सहाही पोशाख धुऊन किरकोळ दुरुस्तीसाठी माझ्याकडे परत आले होते, आणि ते टेबलावर असतानाच एके दिवशी दुपारी हिराबाई आली. डोंबिवलीपर्यंत, पत्ता विचारत. सुमनने तिला पाणी दिलं. तिने ते हातात धरून ठेवलं, प्यायली नाही.

"मास्तर, माझ्या पोरीला सुई धरता येत नाय. तिला जालं इनता येतं. सुई-दोऱ्याचा काम मी तिला शिकवलाच नाय. मंग तिने कापर आवळला कसा?"

मी म्हणालो, "मला काय माहीत, बाई? कुणाकडून करून घेतला असेल."

तिने ग्लास खाली ठेवला. टेबलावरचा वरचा पोशाख उचलला, दोन्ही मुठींत धरून आडवा ओढला. तो ताणला. उभा ओढला, तो तसाच राहिला. दुसरा उचलला. मग तिसरा. तिला घाई नव्हती. जयूचा हातात आला तेव्हा तो आडवा हलेना. तिने तो फिरवला आणि उभा ओढला. वीतभर लांब झाला.

"जालं पन असाच असतं," ती म्हणाली. "एका अंगाने ओढला तर उघडतं, दुसऱ्या अंगाने ओढला तर मिटतं. उलटा बांधला तर मासा येत नाय, आनि जाल्याला कोनी दोष देत नाय." तिने पोशाख माझ्यासमोर ठेवला. "तुमी उलटा कापला, मास्तर."

सुमन पडद्यापाशी उभी होती. माझ्याकडे नव्हे, जमिनीकडे बघत.

मी म्हणालो, "हे होजिअरीचं कापड आहे, बाई. जाळं नव्हे. तुम्हाला त्यातलं कळायचं नाही."

हे वाक्य मी तीस वर्षं रोज ऐकतो. कधी दात घासताना, कधी रस्ता ओलांडताना.

हिराबाई भांडली नाही. तिने भांडावं असं मला मनातून वाटत होतं. भांडली असती तर मीही आवाज चढवला असता आणि मला सोपं गेलं असतं. ती एवढंच म्हणाली, "पोरीचा बाप तिला परत पाठवनार नाय. पन तुमी सभेत एकदा सांगा. पोर म्हनते, आय, मी नाय केला. तेवढा तरी तिच्या पदरात घाला." दारापर्यंत जाऊन ती वळली. "शब्द तुमी दिलेला."

ती गेल्यावर सुमन म्हणाली, "आत्ताच्या आत्ता ठाण्याला जा आणि सांगून या."

"धंदा बसेल."

"बसू दे. उठवू परत."

मी गेलो नाही. तो सहावा पोशाख उचलून ट्रंकेत तळाशी ठेवला, कारण तो पुन्हा कुणी ओढून बघू नये. बाकीचे पाच परत केले. एक हरवला म्हणून सांगितलं.

मग जे व्हायचं ते झालं. जयू परत आली नाही. नाना म्हणाले, "मी सांगत होतो," आणि मुलींचे पोशाख बंद झाले. मेधाने वर्षभर पायजम्यात शिकवलं, मग नोकरी सोडून निघून गेली. जाताना दुकानात येऊन मला म्हणाली, "तुम्ही नेहमी आमच्या बाजूने होतात, मास्तर." मी तिला चहा पाजला. त्याच्या पुढच्या वर्षी व्यायामशाळेच्या मुली नऊवारी नेसून लेझीम खेळल्या. त्या शिवलेल्या नऊवाऱ्या माझ्याच. छान झाल्या होत्या, सगळे म्हणाले.

मुलींनी काय घालावं, हा वाद खरा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना विचार करणारी माणसं होती. कदाचित नाना जिंकले असते, कदाचित मेधा. पण तो वाद लढूनच झाला नाही. तो माझ्या एका चुकीच्या अंदाजावर आणि एका खोट्यावर निकालात निघाला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं त्या मैदानात कुणी तो पुन्हा काढला नाही. "त्या मुलीचं काय झालं आठवतंय ना?" एवढं म्हटलं की पुरे व्हायचं.

सुमनने त्या दिवसानंतर माझ्यासाठी मुलींची मापं घेतली नाहीत. "आता डोळ्यांना दिसत नाही," म्हणायची. बाकी सगळं दिसायचं तिला. त्या नऊवाऱ्यांनंतर मीही मुलींचं काम घेणं सोडलं. मागच्या वर्षी ती गेली. शेवटच्या आजारात ती मला दुसरं काही म्हणाली नाही, फक्त एकदा विचारलं, "ट्रंकेत आहे ना अजून तो?"

यंदा, संपादकांचं पत्र आल्यावर, मी तो पोशाख पिशवीत घेऊन कोलशेतला गेलो. आता तिथे उंच इमारती आहेत, त्यांच्या मधोमध कोळीवाडा. विचारत विचारत घर सापडलं. जयू पंचेचाळिशीची झालीय, दुकान चालवते, जाळ्यांचं आणि दोरखंडांचं. हिराबाईला जाऊन सात वर्षं झाली. मी नाव सांगायच्या आत जयू म्हणाली, "टेलरकाका ना? बसा."

मी पोशाख काढून तिच्यासमोर ठेवला. मोरपंखी रंग अजून तसाच होता.

"मला ठाऊक आहे काका," ती म्हणाली. "आईने घरी आल्या आल्या सांगितलेलं. म्हणाली, मास्तरांनी उलटा कापला, आणि त्यांना ते माहीत आहे."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगणार? व्यायामशाळेत? ते तुम्हाला विचारणार, आणि तुम्ही सांगणार." तिने आवाज चढवला नाही. अगदी आईसारखी. "शाळेत दोन वर्षं पोरं मला शिटी मारायची. बाबा मला मैदानाच्या बाजूने जाऊ द्यायचे नाहीत. खेळाचं सोडा हो, ते सुटलंच असतं कधीतरी. पण बाबा जाईपर्यंत त्यांना वाटत राहिलं की असेल, पोरीने केलंही असेल. मास्तर कशाला खोटं बोलेल?"

मी म्हणालो, "माझी चूक झाली, जयू. मी आता लिहिणार आहे, सगळ्यांनी वाचावं म्हणून."

"लिहा. पण चूक झाली असं नका लिहू." तिने पोशाख उचलला, दोन मुठींत धरला. क्षणभर वाटलं, ती तो ओढून बघणार. तिने फक्त घडी घातली आणि माझ्या पिशवीत परत ठेवला. "चूक कापताना झाली. नंतर तुम्ही बोललात ती चूक नव्हती. ते वेगळं लिहा. आणि माझं नाव घाला. तेव्हा कुणी घेतलं नव्हतं ना, तरी सगळ्यांना कळलं. आता घेऊन सांगा."

म्हणून नाव घालतो. जयश्रीने त्या कपड्याला सुई लावली नव्हती. तिच्या घरातल्या कुणीही लावली नव्हती. तो मी आडवा कापला होता, तो आडवा आहे हे मला कापताना माहीत होतं, आणि समितीत बोलताना ते मी विसरलो नव्हतो.